अर्धापूरच्या माणसाला विकतची केळी

कन्सोल ह्या वस्तूवर माझा राग आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही. टीव्हीला जोडून गेम खेळायचा काळा, गुळगुळीत, मुका डबा. उघडायची सोय नाही. उघडला की वॉरंटी गेली. आत धूळ बसली तरी कंपनीच्या माणसाकडं घेऊन जा. अरे, माझ्या घरात, माझ्या पैशानं आणलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते मलाच बघता येत नसेल तर ती माझी कशी? पीसीचं तसं नाही. माझा पीसी मी स्वतः जोडलाय, नांदेडच्या उन्हाळ्यात, उघड्या अंगानं, कूलरकडं पाठ करून. पंखा बिघडला तर दुपारी जाऊन नवा आणतो आणि संध्याकाळच्या आत बसवतो. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

डीएलसीवर तर त्याहून राग आहे. ज्यांना हा रोग लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण एक गेम पूर्ण पैसे देऊन घ्यायचा, खेळायला लागायचं, जीव रमला की कंपनी सांगणार, ह्याचा आणखी एक भाग आहे, तो वेगळे पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घ्या. तो भाग म्हणजे डीएलसी. पंगतीत बसवून पोळी वाढायची आणि आमटी मागितली की काउंटरकडं बोट दाखवायचं, असला प्रकार. आणि लोक हसत हसत पैसे भरतात. माझा मोठा भाऊ त्यातलाच.

दादाचं आणि माझं बोलणं तुटलं ते ह्या दोन गोष्टींवरून. गावात सगळ्यांना वाटतं, शेताच्या वाटणीवरून तुटलं. काही संबंध नाही. शेताची वाटणी आम्ही चहा पीत पीत केली होती.

आधी सगळे एकत्र होतो. अर्धापूरपासून जवळच आमचं गाव, केळीचं रान, रस्त्याकडेला घर. बापू, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर शेती दादा बघायचा आणि मी नांदेडला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन. घरात खेळायला काहीतरी आणायचं ठरलं तेव्हा मी पीसी म्हणालो, दादा कन्सोल म्हणाला. मी त्याला किती समजावलं! रॅम सांगितली, ग्राफिक्स कार्ड सांगितलं, पुढं वाढवता येतं तेही सांगितलं. तो सुपारी कातरत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुझा पीसी आला की तू दार लावून त्याच्यापुढं एकटा बसणार. डबा टीव्हीला लागतो. समद्या घराला दिसतोय. डबाच आणू."

ह्यावर मी चिडून जेवलो नाही. डबा आला.

आणि त्या डब्यात आम्ही खेळलो काय, तर शेती. दिवसभर रानात राबलेला माणूस संध्याकाळी पाय धुऊन टीव्हीपुढं बसतो आणि पुन्हा नांगरतो, ह्याला वेड नाही तर काय म्हणायचं? पण गेम होताच तसा. ट्रॅक्टर, पेरणी, पाऊस, बाजारभाव, सगळं त्यात. दोन कंट्रोलर लावून आम्ही दोघं एकाच वेळी एकाच रानात उतरायचो. देश कुठला तरी गोऱ्या लोकांचा होता, लाल छपराची गोदामं, गवताचे गोल भारे. पिकं म्हणजे गहू, मका, सोयाबीन. तूर नाही, ज्वारी नाही, केळी नाही. त्यातून आम्ही हळूहळू आमचं रान काढलं. खालच्या अंगाला ओढा होताच. त्याच्यावर ओढ्याचं रान, मग विहिरीचं रान, मग एकदम वर माळ, असे आमच्या शेताचे तुकडे जसेच्या तसे आखले. विहिरीच्या जागी पाण्याची टाकी ठेवली. कडुलिंब काही मिळाला नाही. त्याच्यासारखं दिसणारं कसलंतरी झाड लावलं आणि त्यालाच लिंब म्हणायला लागलो. माळावरचे दगड मी उचलले, एकट्यानं. दादा म्हणायचा ते काम कंटाळवाणं आहे. होतंच.

मायचे गुडघे तोवर पार गेले होते. न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. बापू गेल्यापासून तिनं रान बघितलं नव्हतं. एक दिवस ती पलंगावर बसून आमचा खेळ बघत होती आणि तिची मागून बडबड चालू होती, "अरे तिथं कशाला पाणी देऊन राहिले, तिथं तुंबतंय की. लिंबाखाली ट्रॅक्टर नका लावू, सावली मोडती." दादा वैतागला आणि त्यानं कंट्रोलर तिच्या हातात दिला.

"हे घे. ही काडी पुढं ढकल, बाई चालती. तूच जाऊन बघून ये."

गेममधली बाई म्हणजे टोपी घातलेली, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली कुणी गोरी पोरगी. माय काडी पुढं धरून बसली आणि ती पोरगी ओढ्यापासून जी निघाली ती विहिरीवरून, लिंबाखालून थेट माळापर्यंत गेली. माळावर पोचल्यावर माय म्हणाली, "दम न्हाई लागला रे." आम्ही दोघं खदखदून हसलो. ती हसली नाही. ती परत वळली आणि आली तशी ओढ्यापर्यंत खाली गेली.

तेव्हापासून रोज दुपारी हाच नेम. ट्रॅक्टरला तिनं कधी हात लावला नाही. पेरणी, विक्री, भाव, कशाशी तिला देणंघेणं नव्हतं. काडी सोडून दुसरं बटण तिनं शिकून घेतलं नाही. खालून वर जायचं, लिंबाखाली जरा थांबायचं, मग माळ, मग परत. शेजारच्या बाया आल्या की त्यांना सांगायची, "आत्ताच माळाकडून आले." त्या बाया तिच्या गुडघ्यांकडं बघायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या.

मग पुतणीला डॉक्टर करायचं ठरलं. आमच्याकडं पोरगं हुशार निघालं की आख्खं घर त्याच्यामागं लातूरला जातं. क्लासच्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या आणि निकाल लागेपर्यंत दबून राहायचं. दादा निघाला म्हणजे वाटणी आली. मामा मध्ये बसले, गावातले दोन म्हातारे पंच म्हणून बसले. मोजणी आधीच झाली होती. ओढ्याचं रान आणि विहिरीचं खालचं अर्धं दादाला, वरचं अर्धं आणि माळ मला. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या. मध्ये धुरा पडला. आमच्याकडं बांधाला धुरा म्हणतात. दोघांनीही आपापलं रान बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, द्यायचं ठरवलं. मग भांडी झाली, कपाट झालं, आणि शेवटी मामांचं बोट टीव्हीखालच्या डब्याकडं गेलं.

"हे काय हाय?"

"कन्सोल, मामा. टीव्हीला लावून खेळतात."

"मंग दोन नग झाले," मामा म्हणाले. "डबा थोरल्याला, टीव्ही धाकट्याला."

एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही हे मी सांगून बघितलं. पंचातले एक म्हातारे म्हणाले, बैलजोडीचंही तसंच असतं, तरी एकेक बैल वाटून देतातच की. झालं. पंचांचा शब्द. डबा तिकडं, टीव्ही इकडं.

तेवढ्यात माय पलंगावरून बोलली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"त्यातलं रान वाटायचं न्हाई."

"कशातलं, अक्का?" मामांनी विचारलं.

"त्या डब्यातलं. खालपासून वरपर्यंत हाय तसं ऱ्हाऊ द्या. मला फिरायला लागतंय." मग आमच्याकडं बघून म्हणाली, "दोघं इकडं या. पायावर हात ठेवा."

पंच हसले. आम्हीही हसतच हात ठेवले. मायच्या पाळ्याही त्याच बैठकीत ठरल्या, काही महिने लातूर, काही महिने नांदेड. त्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही. तशी पद्धत नाही.

मी नांदेडला तरोड्याकडं भाड्यानं घर घेतलं, वाटणीतला टीव्ही भिंतीला लावला आणि त्याला अखेर पीसी जोडला. गेम मला पुन्हा विकत घ्यावा लागला, कारण डब्यासाठी घेतलेला पीसीवर चालत नाही. तोच गेम, तीच कंपनी! एका घरात दोन चुली मांडायला लावतात हे लोक. एवढं मात्र बरं होतं की दादाच्या डब्यातल्या रानात मला पीसीवरून जाता यायचं. रान राहायचं त्याच्या डब्यात. त्यानं तिकडं डबा चालू करायचा, मी इकडून आत शिरायचं. रविवारची दुपार ठरली. खालचं रान तो बघायचा, वरचं मी, पण मध्ये आडकाठी काही नव्हती.

त्या दुपारी आम्ही नांगरायचो कमी आणि एकमेकांना टोचायचो जास्त. कानाला हेडफोन लावून नुसतं चालू.

"आला का तुझा पीसी? का अजून अपडेटच चालू हाय?"

"तुझ्या डब्याचा पंखा इथपर्यंत ऐकू येतोय दादा. पीठगिरणी चालवून राहिलास का?"

"पीसीवाले समदे चोर. गल्लीतल्या दुकानातून भरून आणलेल्या सीड्या इसरलास व्हय?"

"चोर तर चोर. तुझ्या डब्यात कंपनीला विचारल्याबिगर गवत तरी उगवतं का?"

माय नांदेडला असली की मला जास्त ऐकावं लागायचं, कारण माउस-कीबोर्ड काही तिच्या हाताला जमेना आणि तिच्यासाठी मला एक कंट्रोलर आणून पीसीला जोडावा लागला. दादाला हे कळलं तेव्हा तो फोनवर हसत सुटला. "आलास का लायनीवर! शेवटी आमचंच हत्यार घेतलंस!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माय फिरत होती. लातूरला असली तर डब्यातून, नांदेडला असली तर पीसीवरून. तिच्यासाठी मग दादा सांगितलेल्या वेळेला डबा चालू करून ठेवायचा, हेही खरं आहे.

मग केळी आली.

कंपनीनं उष्ण प्रदेशातल्या पिकांचा एक वेगळा भाग काढला. केळी, नारळ, आणि सोबत काटेरी तारेचं कुंपण. वेगळा विकत. दादाचा फोन आला, आवाज असा की जणू सोयरीक जमली. "अरे, केळी आली! घेऊन टाक तू पण."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, आपण कुठले? अर्धापूरचे. आपल्याकडं पाहुणा आला तर नको नको म्हणताना त्याच्या गाडीत केळीचा घड टाकतो आपण. आणि आता पैसे देऊन टीव्हीतली केळी घ्यायची? अर्धापूरच्या माणसानं विकतची केळी घ्यायची?"

"पैसे काय लई न्हाईत रे."

"सवाल पैशाचा न्हाईच. गेम घेतला तेव्हा केळी कुठं होती? मुद्दाम मागं ठेवली ना त्यांनी? गहू देतात, मका देतात, आपलं पीक तेवढं येगळं विकतात!"

वर मी त्याला हेही सुनावलं की पीसीवर केळी फुकट आहे. कुठल्यातरी देशातल्या कुणा हौशी माणसानं बनवून टाकली आहे, उतरवायची आणि लावायची. बघ म्हटलं, ह्याला म्हणतात पीसी! पण ती फुकटची केळी दादाच्या डब्यात चालत नव्हती, आणि रान डब्यात होतं.

"तुझं फुकटचं तुझ्यापाशी ठेव," दादा म्हणाला. "माय मागून राहिली केळी. तिच्यासाठी घेतो." माय तेव्हा लातूरला होती. त्यानं घेतली.

पुढच्या रविवारी मी पीसी चालू केला, रानाच्या नावावर क्लिक केलं आणि पडद्यावर पाटी आली. ह्या शेतात अमुक भाग वापरलेला आहे, तो तुमच्याकडं नाही, घेतल्याशिवाय आत येता येणार नाही. खाली मोठं बटण, विकत घ्या.

मी ती पाटी परत परत वाचली. ज्या माळावरचे दगड मी एकट्यानं उचलले त्या माळावर जायला मला तिकीट! दादाला फोन लावला.

"काढ ती केळी."

"कशी काढू? लावली आता. चांगली वर आलीय."

"मग मी येत न्हाई."

"नको येऊस. एक बटण दाबायचं तर तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. आन् मी घेतलंय ते तुला चाललं असतं तर मी दिलं नसतं का? तुझं मशीन येगळं म्हणून तुला येगळं घ्यावं लागतंय. तवाच सांगितलं होतं, डबा घे."

"तुझ्या डब्यामुळंच झालं हे सगळं!" असं म्हणून मी फोन ठेवला.

मी हट्टाला पेटलो. बायको म्हणाली, "अहो घेऊन टाका की, एवढं काय त्यात?" मी तिच्यावरही ओरडलो. म्हटलं, आज केळी, उद्या विहीर येगळी विकतील, परवा ऊन येगळं विकतील, तेव्हा काय करशील? ती म्हणाली, "तेव्हा पण मी भाजीच निवडत असेन," आणि आत गेली. रविवार येत राहिले, जात राहिले. दिवाळीला दादा गावी येणार कळल्यावर मी मुद्दाम तो परत गेल्यावर गेलो. त्याचाही फोन नाही, माझाही नाही. दुपारी पीसीपुढं बसून मी दुसरे गेम उघडायचो आणि बंद करायचो.

एके दिवशी मायचा फोन आला. "काय रे, तू तुझ्या रानात का येत न्हाईस? गवत माजलंय समदं. लांबून दिसतंय मला."

"दादानं केलंय ते, माय. त्याला विचार."

"आन् ते कुंपण कवा काढणार हाव तुम्ही?"

"कसलं कुंपण?"

माय म्हणाली, "मधी घातलंय की. तिकडं धुरा हाय ना तुमचा, तसंच."

माझं डोकंच फिरलं. सुट्टी मिळाली त्या दिवशी सकाळची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर करत बस लातूरकडं जात होती आणि मी खिडकीशी बसून भाषण तयार करत होतो. पायावर हात ठेवलेला. पंचांदेखत. एवढीशी गोष्ट सांभाळता आली नाही? शेजारचा माणूस सरकून बसला, इतका मी तोंडातल्या तोंडात बोलत होतो.

दादाचं घर औसा रोडच्या मागच्या गल्लीत. त्या गल्लीत घरटी पोरं अभ्यासाला ठेवलेली, दारोदार मेसचे डबे, सायकलींची रांग. कुणी मोठ्यानं शिंकत नाही. वहिनीनं मला दारातच ओठावर बोट ठेवून दाखवलं. पुतणी आतल्या खोलीत, दार लावलेलं, परीक्षा तोंडावर. अहमदपूरपासून घासून आणलेलं आख्खं भाषण मला कुजबुजत करावं लागलं. कुजबुजत शिव्या देऊन बघा एकदा, घसा दुखतो आणि राग तसाच राहतो.

"मायच्या पायावर हात ठेवला होतास," मी म्हणालो. "लाज न्हाई वाटली?"

"हळू बोल. लाज कशाची?" दादाही कुजबुजला. "तू यायचा बंद झालास. तुझ्या रानात पीक उभं वाळून चाललं. मी काढलं असतं तर म्हणला असतास, माझ्या रानात घुसला. न्हाई काढलं तर म्हणला असतास, मुद्दाम वाळू दिलं. मंग मोजणीचा नकाशा समोर ठेवला आन् बराबर धुऱ्यावर तार मारली. तुझ्यात बोटभर घुसलो न्हाई. बघ मोजून."

"आणि विहीर?"

"सामाईक. दोन्हीकडून पाणी घेता येतंय. तेवढं कळतंय मला."

हे ऐकून मला जास्तच चीड आली, कारण ते खरं असणार हे मला माहीत होतं. आमच्याकडं भाऊ चांगला की वाईट हे धुऱ्यावरून ठरतं. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरून आपल्याकडं ओढतात, त्यावरून डोकी फुटतात, कोर्टात पिढ्या जातात. दादानं खऱ्या रानात ते कधी केलं नाही आणि टीव्हीतल्या रानातही केलं नव्हतं. अगदी इमानदारीनं तार मारली होती. अरे पण गाढवा, तिथं धुराच नव्हता! तो नसावा म्हणून तर हात ठेवले होते!

हे मी त्याला कुजबुजतच सांगितलं, फक्त गाढवा म्हणालो नाही. मोठा भाऊ आहे.

तो काहीतरी बोलणार तेवढ्यात माय पलंगावरून म्हणाली, "झालं का तुमचं? माझी फिरायची येळ झाली. द्या तो रिमोट."

दादानं टीव्ही लावला. त्या घरात टीव्हीचा आवाज कायमचा बंद. टोपीवाली पोरगी ओढ्यापाशी उभी होती. मायनं काडी पुढं ढकलली आणि ती चालायला लागली. आधी केळीचं रान लागलं. केळी चांगली आली होती, हे मला मान्य करावं लागलं. पानं मात्र सगळी अखंड होती. आमच्याकडं वाऱ्यानं फाटून त्यांच्या झालरी होतात. पोरगी केळीतून विहिरीपाशी आली, विहिरीवरून पुढं आली आणि तारेला जाऊन लागली. तार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. पलीकडं माझं गवत, लिंब, आणि वर माळ.

पोरगी तारेला लागली तरी मायनं काडी सोडली नाही. पोरीचे पाय चालतच राहिले, जागच्या जागी. गवताच्या आधी तार, तारेला ती चिकटलेली, आणि बूट वर-खाली, वर-खाली.

"माय, सोड काडी," दादा म्हणाला. "तिथून जाता येत न्हाई."

"ठावं हाय मला. रोज येते मी इथवर." ती टीव्हीकडंच बघत होती. "कधी ह्याच्याकडं, कधी त्याच्याकडं. पिशवी उचलायची आन् निघायचं. मला कुणी इचारलं? मी काई म्हणले? इथं तरी सबंध फिरत होते रे मी."

ती कुजबुजली नव्हती. आतल्या खोलीचं दार थोडं उघडलं, पुतणीनं बाहेर बघितलं आणि हळूच लावून घेतलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्ही दोघं भाऊ खाली बघत बसलो होतो. टीव्हीवर पोरगी चालतच होती.

"काढतो तार," दादा म्हणाला. "आत्ता काढतो, आण इकडं."

मायनं कंट्रोलर दिला नाही. "आज काढशील, उद्या दुसरं कायतरी निघल आन् परत घालशील. तुमचं मला माहीत हाय. तार ऱ्हाऊ द्या. त्याला फाटक लावा."

दादाचं तोंड एवढंसं झालं. "फाटक न्हाई, माय."

"न्हाई म्हणजे?"

"केळीसंगं नुसतं कुंपण मिळतंय. फाटक दुसऱ्या भागात हाय. ते येगळं इकत घ्यावं लागतंय."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी कुणाचंतरी टाळकं फोडावं असं वाटलं. कुंपण विकायचं आणि फाटक मागं ठेवायचं! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला वैशाखात आमच्या माळावर उभं केलं पाहिजे, पाणी न देता.

"मग घे ना," मी दादाला म्हणालो. "तू तर हसत हसत घेतोस."

"मी एकट्यानं घेऊन भागत न्हाई." तो माझ्याकडं बघत नव्हता. "रानात फाटक बसलं की ज्याच्याकडं फाटक न्हाई त्याला आत येता येत न्हाई. केळीचं झालं तसंच. तुला पण घ्यावं लागंल, तुझ्या पीसीसाठी."

माय आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "फाटक एकच ना?"

"हाव."

"आन् दोघांनी घेतल्याबिगर उघडत न्हाई?"

"न्हाई."

"मंग घ्या की," माय म्हणाली, आणि काडी पुढं धरून बसली.

मी खिशातून फोन काढला. ज्या बटणाला मी इतके महिने शिव्या दिल्या ते दादाच्या घरात, त्याच्या पलंगाशेजारी बसून दाबलं. आधी केळी घेतली. अर्धापूरच्या माणसानं विकतची केळी घेतली. मग फाटक घेतलं. दादानं त्याच्या डब्यावर घेतलं. एकमेकांकडं पाठ करून घेतलं, जेवलो, आणि मी संध्याकाळच्या बसनं परत आलो.

ती कंपनी लुटारू आहे हे मी आजही म्हणतो. कन्सोल हा डबा आहे, हेही. दादा अजून म्हणतो की मी हट्टी आहे आणि पीसीवाले चोर आहेत, पण हे तो वहिनीला सांगतो, वहिनी माझ्या बायकोला सांगते आणि मला कळतं. आमचं आपसात बोलणं कामापुरतं, खताचं आणि बटईवाल्याचं.

फाटक विहिरीला लागून बसवलंय. दोन फळ्यांचं आहे, एकेक फळी बटण दाबून उघडते आणि सोडली की आपोआप लागते. माय सध्या लातूरलाच आहे, दादाच्या डब्यापुढं. तिला काडीखेरीज दुसरं बटण माहीत नाही, आणि आता ती शिकणारही नाही. म्हणून रविवारी दुपारी मी इकडून आत शिरतो, माळावरून गवतातून खाली येतो आणि एक फळी धरतो. खालच्या बाजूनं दादा येऊन दुसरी धरतो. हेडफोन दोघांच्याही कानाला असतात, बोलत कुणी नाही. टोपीवाली पोरगी आमच्या दोघांच्या मधून जाते, लिंबाखाली थांबते, माळाकडं चालायला लागते. ती परत येईपर्यंत आम्हाला तिथंच उभं राहावं लागतं.